एकशे नव्व्याण्णव डॉलरचा फोन

आमच्या मामांनी माझ्या मावसभावाशी बोलणे टाकले त्याला जवळजवळ सतरा वर्षे झाली. भांडण बांधावरून नव्हते, वाटणीवरून नव्हते, लग्नातल्या मानपानावरूनही नव्हते. ते एका फोनवरून होते. आणि मौज अशी की तो फोन मामांना मिळालाच नाही, आणि मावसभावाजवळ होता तोही त्याने दोन वर्षांनी बदलून टाकला. माणसे मात्र अजून अडून बसलेली. हे भांडण मिटवावयाचे म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी थोडे वाचन केले. मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. एका विनाअनुदानित शाळेत खालच्या वर्गांना शिकवितो, आणि दोन-तीन कादंबऱ्या नावावर आहेत एवढेच. पण वाचता वाचता असे दिसून आले की आमच्या घरातल्या या भांडणाचे मूळ न्यूयॉर्कमधल्या एका वकिलाच्या डोक्यात आहे, आणि तो वकील तर टेलिफोनचा शोध लागण्यापूर्वीच कामाला लागला होता.

आधी भांडण सांगतो. मामा कराड आगारात एस.टी.चे कंडक्टर होते. खच्चून भरलेल्या गाडीत हाफ तिकिटे, सवलतीची तिकिटे, मधल्या थांब्याची तिकिटे यांचा हिशेब ते तोंडी करीत, आणि रात्री आगारात पैसे भरताना पावली कधी चुकली नाही असे त्यांच्याबरोबरचे लोक सांगत. २००८ साली ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला लागला. त्या वर्षी २२ ऑगस्टला ॲपल कंपनीचा आयफोन थ्री-जी हिंदुस्थानात विक्रीला आला. एअरटेल आणि व्होडाफोन या दोन कंपन्या तो विकीत होत्या. लहान साठवणीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये. पेपरात त्याच बातमीत छापले होते की हाच फोन अमेरिकेत १९९ डॉलरला मिळतो. मामांनी ते कात्रण कापून ठेवले आणि कडेला पेन्सिलीने गुणाकार केला. डॉलर तेव्हा त्रेचाळीस रुपयांच्या आसपास होता. साडेआठ हजार! म्हणजे साडेबावीस हजार रुपये मधल्या मधे कोणीतरी खातो आहे, हे त्यांच्या दृष्टीने सिद्ध झाले.

डिसेंबरात माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून आला. त्याच्या खिशात तोच फोन होता. मामांनी तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला, आणि जेवणे झाल्यावर एक पाकीट पुढे केले. आत दहा हजार रुपये होते.

"पुढच्या खेपेला असाच एक घेऊन ये. वर उरतील ते पोरांना खाऊला."

"मामा, तो तसा मिळत नाही. त्याला दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करावं लागतं."

मामांनी आयुष्यात कंत्राट ऐकले ते रस्त्याचे, पुलाचे आणि स्टँडवरच्या कॅन्टीनचे. ते म्हणाले, "मला कंत्राट कशाला पायजे? फोन पायजे."

"अहो मामा, १९९ ही त्याची किंमतच नाही."

"आरं, पेपरात छापलंय की! आम्ही काय अडाणी हाय?"

भाऊ आणखी काही बोलला. लॉक, ॲक्टिव्हेशन, प्लॅन असे शब्द त्यात होते. शेवटी त्याने पाकीट परत केले. मामांनी ते न मोजता खिशात घातले. पैसे न मोजता खिशात घालताना मामांना मी तेवढेच पाहिले आहे. भाच्याला एक वस्तू आणावयाची नाही, म्हणून तो अमेरिकेचे कायदे सांगतो आहे, अशी त्यांची समजूत झाली. आणि खरे सांगावयाचे तर तिथे भिंतीला टेकून बसलेल्या माझीही तीच झाली होती.

आता त्या वकिलाकडे जाऊ. त्याचे नाव एडवर्ड क्लार्क. आयझॅक सिंगर याच्या शिवणयंत्राच्या धंद्यात तो भागीदार होता. सिंगर यंत्रे बनवी आणि क्लार्क ती खपवी. अडचण अशी होती की १८५०च्या दशकात या यंत्राची किंमत सव्वाशे डॉलरच्या घरात होती, आणि सामान्य अमेरिकन कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईचा तो सुमारे चौथा हिस्सा होता. यंत्र घरात यावे असे बायकांना वाटे, पण एवढे पैसे एकदम काढून देणारा नवरा विरळा. १८५६ साली क्लार्कने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे थोडे पैसे आगाऊ घेऊन यंत्र घरी द्यावयाचे आणि बाकीचे महिन्यामहिन्याला भाड्यासारखे घ्यावयाचे. सगळे फिटले की यंत्र गिऱ्हाइकाचे. दुसरी गोष्ट मला जास्त विलक्षण वाटली. कोणत्याही कंपनीचे जुने यंत्र आणून द्या, नव्या सिंगर यंत्राच्या किमतीत पन्नास डॉलर वळते करून देऊ, असे त्याने जाहीर केले. ही जुनी यंत्रे तो विकत नसे, मोडून टाकी. जुना माल बाजारात राहिला तर नव्याला गिऱ्हाईक कोठून मिळणार? आदल्या वर्षी सिंगरची ८८३ यंत्रे खपली होती, त्या वर्षी २,५६४ खपली.

आज फोनच्या दुकानावर 'जुना द्या, नवा न्या' आणि 'दरमहा फक्त एवढे' अशा दोन पाट्या शेजारी शेजारी लागलेल्या दिसतात. त्या दोन्ही एकाच माणसाने एकाच वर्षी लिहिल्या असे म्हणावयास हरकत नाही. या क्लार्कने पुढे न्यूयॉर्कमध्ये डकोटा नावाची भाड्याच्या बिऱ्हाडांची प्रचंड इमारत बांधावयास घेतली; ती पुरी होण्याआधीच तो वारला. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पैशाची गोडी त्याला पुरती कळली होती.

आमच्याकडे हप्ता शिलाई मशीनबरोबरच आला. माझ्या आईचे मशीन हप्त्यावरचे होते. हप्ता दिला की दुकानदार एका लहान वहीत सही करी, आणि आई ती वही देवाच्या फळीवर ठेवी. किती दिले आणि किती राहिले हे त्या वहीत कोणालाही, माझ्यासारख्या तिसरीतल्या पोरालाही, वाचता येई. ही वही मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढच्या हकिकतीत ती नाहीशी होते.

टेलिफोनचा प्रकार पहिल्यापासून निराळा. अमेरिकेत कित्येक पिढ्या टेलिफोन कोणी विकत घेतलाच नाही. यंत्र बेल कंपनीचे, ते भिंतीवर लावून जावयाचे तिच्या माणसाने, आणि गिऱ्हाइकाने महिन्याचे भाडे भरावयाचे. त्याला हात लावावयाची सोय नव्हती. बोललेले शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाशी बसवावयाचा 'हश-अ-फोन' नावाचा साधा पेला एकाने काढला, त्यालासुद्धा कंपनीने हरकत घेतली. प्रकरण १९५६ साली कोर्टातून त्या पेल्याच्या बाजूने सुटले. १९६८ साली कार्टरफोन नावाच्या एका उपकरणाच्या प्रकरणात सरकारी आयोगाने निर्णय दिला, आणि गिऱ्हाइकाने स्वतःचे यंत्र कंपनीच्या तारेला जोडावयास खरी मोकळीक मिळाली. आमच्याकडे तार-टपाल खात्याचा काळा फोन होता. तो मिळण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. पण एक होते: तो फोन आपला आहे असा कोणाचा गैरसमज नव्हता.

मोबाइल आला आणि हा सरळ व्यवहार गुंतागुंतीचा झाला. १९८३ साली अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळालेल्या मोटोरोलाच्या पहिल्या हातातल्या फोनची किंमत ३,९९५ डॉलर होती. दहा तास विजेवर लावला की अर्धा तास बोलता येई. एवढे पैसे मोजणारे लोक मूठभरच असणार. पण फोन कंपनीचे उत्पन्न फोन विकण्यात नव्हते, बोलण्यात होते. तेव्हा तिने विचार केला की फोनचे पैसे आपणच भरावेत, तो गिऱ्हाइकाच्या हाती नाममात्र किमतीत ठेवावा, आणि त्याच्याकडून वर्षा-दोन वर्षांचा करार लिहून घ्यावा. घातलेले पैसे महिन्याच्या बिलातून हळूहळू निघतात. मधेच सोडून जावयाचे असेल तर दंड. शिवाय यंत्राला असे कुलूप घालावयाचे की दुसऱ्या कंपनीचे कार्ड त्यात चालणार नाही. हा क्लार्कचाच मार्ग होता. पण क्लार्क यंत्राचा हप्ता म्हणून घेत असे, इथे हप्ता बोलण्याच्या बिलात विरघळला. किती दिले आणि किती राहिले हे आता कोणत्याही वहीत दिसेना. करार संपला की 'तुम्हाला नवा फोन घेण्याचा हक्क प्राप्त झाला आहे' असे कळविण्यात येई. याला तिकडे अपग्रेड म्हणतात. हक्क हा शब्द इथे कोणी बसविला असेल तो मोठा कल्पक गृहस्थ असला पाहिजे.

आता मामांच्या कात्रणातल्या फोनची कुळकथा. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन लोकांना दाखविला. २९ जूनला तो विक्रीस आला. लहान साठवणीचा ४९९ डॉलर, मोठा ५९९. एवढे पैसे देऊनही एटी अँड टी या एकाच कंपनीचा दोन वर्षांचा करार करावयाचाच. दुकानांपुढे लोक रांगा लावून बसले होते. आणि दोन-सव्वादोन महिन्यांनी, ५ सप्टेंबरला, मोठ्या फोनची किंमत एकदम ३९९ करण्यात आली. ज्यांनी उन्हात बसून सगळ्यांच्या आधी फोन घेतला ते लोक भडकले. दुसऱ्याच दिवशी जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली आणि या लोकांना शंभर डॉलरची खरेदी-सूट देऊ केली. नवा माल पहिल्या दिवशी घेणाऱ्याला त्या पहिलेपणाची किंमत मोजावी लागते हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसले असेल.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला तो इंग्लंडात आला. फोन २६९ पौंड, करार अठरा महिन्यांचा, महिन्याला कमीत कमी ३५ पौंड. गुणाकार करणाऱ्याला एकूण ८९९ पौंड दिसत. दुकानाच्या काचेवर २६९च दिसत. जर्मनीत त्याहून मजेदार प्रसंग घडला. तेथे टी-मोबाइल ही कंपनी ३९९ युरोला, दोन वर्षांच्या कराराने फोन विकीत होती. व्होडाफोनने कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला, तेव्हा टी-मोबाइलला तोच फोन कराराशिवाय आणि कुलुपाशिवाय विकणे भाग पडले, आणि तिने किंमत लावली ९९९ युरो. दोन आठवडे हा प्रकार चालला. मग कोर्टाचा निकाल फिरला आणि करार पुन्हा सुरू झाला. ९९९ हा आकडा गिऱ्हाइकाने घेऊ नये म्हणूनच फुगविलेला असणार हे धरून चालू; तरीसुद्धा फोनला कराराखाली झाकलेली एक दुसरी किंमत असते, हे त्या पंधरा दिवसांत जर्मनीतल्या शेंबड्या पोरालाही कळले असेल.

११ जुलै २००८ रोजी आयफोन थ्री-जी आला, आणि जगभर जाहिरात झाली ती एकाच आकड्याची: १९९ डॉलर. आदल्या वर्षीच्या फोनच्या निम्मी किंमत! झाले होते ते असे. आधीच्या वर्षी एटी अँड टी आपल्या मासिक उत्पन्नातला वाटा ॲपलला देत असे. आता तो वाटा बंद झाला, त्याऐवजी एटी अँड टीने प्रत्येक फोनची बरीचशी किंमत स्वतःच्या पदरची भरावयाची ठरली. त्यामुळे पुढली दोन वर्षे आपला नफा घटेल असे कंपनीने भागधारकांना आधीच सांगून टाकले. मग हे पैसे परत कसे मिळवावयाचे? इंटरनेटचा महिन्याचा आकार २० डॉलर होता तो ३० झाला. पहिल्या वर्षी त्यातच मिळणारे दोनशे संदेश आता निराळे विकत घ्यावे लागू लागले, त्याला ५ डॉलर.

हा हिशेब मी कागदावर मांडला. पहिला फोन, किंमत उतरल्यानंतरचा: ३९९ अधिक महिन्याला ६० प्रमाणे चोवीस महिन्यांचे १,४४०, एकूण १,८३९ डॉलर. दुसरा फोन: १९९ अधिक महिन्याला ७५ प्रमाणे चोवीस महिन्यांचे १,८००, एकूण १,९९९ डॉलर. दोनशे डॉलरनी उतरलेला फोन दोन वर्षांच्या अखेरीस एकशे साठ डॉलरनी चढलेला होता. संदेश घेतलेच नाहीत तरी १,८७९ डॉलर द्यावे लागत, कर निराळे. त्या ऑगस्टच्या भावाने हे ऐंशी हजार रुपये होतात. यात दोन वर्षांच्या बोलण्याचे आणि इंटरनेटचे पैसेही आले, सगळेच काही फोनचे नव्हेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. नवा फोन आधीच्यापेक्षा वेगवान होता हेही खरे. पण मामांच्या कात्रणावरचे साडेआठ हजार म्हणजे एस.टी.च्या तिकिटावरचा पहिला टप्पा होता. गाडी चोवीस टप्पे पुढे जाणार होती आणि मधे उतरावयाचे झाल्यास १७५ डॉलर दंड होता. करारातला एकेक महिना पुरा होईल तसा तो पाच-पाच डॉलरनी उतरे. २०१० साली हाच दंड असल्या फोनांसाठी ३२५ डॉलर करण्यात आला.

आणि समजा भावाने हे सगळे सोसून मामांसाठी एक फोन आणला असता, तरी तो आमच्या कराडात बोलला नसता. त्याला कुलूप होते. पहिल्या आयफोनचे कुलूप २००७च्या ऑगस्टात न्यू जर्सीमधल्याच जॉर्ज हॉट्झ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने डाग देऊन, तारा जोडून उघडले होते. तो उघडलेला फोन देऊन त्याने बदल्यात एक मोटार आणि तीन नवे आयफोन मिळविले, यावरून ते काम किती अवघड होते याची कल्पना यावी. पहिला फोन पुष्कळांनी घरी नेऊन, करार न करता, परदेशी धाडला होता. म्हणून थ्री-जीच्या वेळी दुकानातच सही घेऊन, तेथेच फोन सुरू करून देण्याचा नियम झाला. माझा भाऊ त्या दिवशी 'ॲक्टिव्हेशन, ॲक्टिव्हेशन' म्हणत होता ते हे.

मग हिंदुस्थानातच ३१,००० का? कारण इथे बहुतेकांचा व्यवहार आधी पैसे, मग बोलणे असा. करार नाही, महिन्याचे बिल नाही, तेव्हा किंमत लपविण्यास जागाच नव्हती. ३१,००० हा आकडा लुटीचा म्हणून आम्ही त्याला शिव्या दिल्या. आज मला वाटते, त्या वर्षी जगात पुष्कळ ठिकाणी झाकलेला आकडा आमच्याकडे उघडा होता, एवढेच. इथे दुसरा प्रयोग पाच वर्षांपूर्वी होऊन गेला होता. जुलै २००३ मध्ये रिलायन्सने 'मान्सून हंगामा' या नावाने ५०१ रुपयांत फोन हातात द्यावयास सुरुवात केली, बाकीचे महिन्यामहिन्याला भरावयाचे. आमच्या गावात त्या पावसाळ्यात दुधाचे कॅन नेणाऱ्या पोराच्याही खिशात फोन वाजू लागला. फोनचा माणसाच्या ऐपतीशी असलेला संबंध त्या ५०१ने तोडला, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण पुढे पुष्कळांनी बिले भरली नाहीत, वसुलीची माणसे गल्लीत फिरू लागली, आणि दुसऱ्या कंपनीचे कार्ड न चालणारे ते फोन पोरांची खेळणी झाले. मामांनीही तो फोन घेतला होता. त्यांनी मात्र शेवटचा पैसा फेडला आणि सगळ्या पावत्या तारेला ओवून ठेवल्या. या पावत्यांची मला फार उशिरा आठवण झाली.

अमेरिकेत पुढे हा करार मोडला. २०१३च्या मार्चमध्ये टी-मोबाइलने दोन वर्षांचे करार बंद केले आणि फोनचा हप्ता बिलात वेगळा दाखवावयास सुरुवात केली. म्हणजे आईची वही परत आली असे म्हणावयाचे. दुसऱ्या कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले. २०१६ उजाडेपर्यंत जुन्या पद्धतीचा करार तेथे बहुतेक संपला. पण त्याच २०१३च्या जुलैत नवे टूम निघाले: हप्ते पुरे फिटण्याआधीच फोन परत करा आणि ताजा न्या. २०१५ साली ॲपलने स्वतःच अशी योजना काढली. महिन्याला ३२.४१ डॉलरपासून चोवीस हप्ते, त्यात फोनचा विमा-वजा हमी धरलेली, आणि बारा हप्ते झाले की जुना देऊन नवा. ज्याने दर वर्षी नवा घेतला त्याचा चोविसावा हप्ता कधी येतच नाही. क्लार्कच्या काळी हप्ते संपले की यंत्र आपले होत असे. इथे पहिला फोन आपला होण्याच्या आतच दुसऱ्याचे हप्ते सुरू होतात.

इंग्लंडात उलट अनर्थ झाला. करार संपला, फोनचे पैसे केव्हाच फिटले, तरी बिल तेवढेच येत राहिले आणि लोक भरीत राहिले, कारण बिलात फोन किती आणि बोलणे किती हे दिसतच नव्हते. सिटिझन्स ॲडव्हाइस या ग्राहकांना सल्ला देणाऱ्या संस्थेने २०१७ साली हा प्रकार चव्हाट्यावर आणला. करार संपत आला आहे असे गिऱ्हाइकाला कळविण्याची सक्ती कंपन्यांवर झाली ती २०२०च्या फेब्रुवारीत. जपानने २०१९ साली कायदाच केला की फोनची किंमत आणि बोलण्याचा आकार वेगळे ठेवावेत. कॅनडाने २०१३ सालच्या नियमांनी तीन वर्षांच्या करारांचे कंबरडे मोडले.

आमच्याकडे कराराऐवजी बिनव्याजी हप्ता आला. २०१३च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नसते, व्याज कोठेतरी दडविलेले असते. मग शब्द बदलला. शून्य टक्के गेले, 'नो-कॉस्ट' आले. २०२१ साली दिवाळीत निघालेला जिओफोन नेक्स्ट एकरकमी ६,४९९ रुपयांना होता. किंवा १,९९९ आगाऊ, ५०१ कागदपत्रांचे, आणि दरमहा ३०० प्रमाणे चोवीस महिने, त्यात थोडे बोलणे आणि इंटरनेट धरून. ते सगळे मिळून ९,७०० होतात. ही दुसरी वाट घेणारा मूर्ख असतो असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्याजवळ ६,४९९ एकदम कधी जमतच नाहीत त्याला तीच एक वाट असते.

मी ती वाट घेतली म्हणूनच हे सांगतो. गेल्या वर्षी दसऱ्याला मुलीने हट्ट धरला आणि आम्ही तालुक्याच्या दुकानात गेलो. त्याच महिन्यात आलेला फोन होता, २३,९९९चा. मी विचारले, एकूण किती पडेल? दुकानातला मुलगा म्हणाला, "गुरुजी, महिन्याला फक्त दोन हजार." मी पुन्हा एकूण विचारले. तो पुन्हा म्हणाला, महिन्याला फक्त दोन हजार. माझ्याच वर्गात शिकून गेलेला मुलगा; बेरीज त्याला मीच शिकविली. शेवटी मी विचारले, "आणि रोख दिले तर?" तेव्हा तो हळूच म्हणाला, "रोखीला बाराशे कमी करू." म्हणजे बिनव्याजी हप्त्याचे व्याज बाराशे, शिवाय कागदपत्रांचे निराळे. सगळे कळून मी सही केली. माझा जुना, चांगला चालणारा फोन त्यांनी चौदाशेला वळता करून घेतला.

आमच्या शाळेचा पगार वेळेवर होतोच असे नाही. फेब्रुवारीत तो झाला नाही, खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. बँकेचा दंड लागला तो लागलाच. पण तिसऱ्या दिवशी सकाळी फोनच्या काचेवर हप्ता भरण्याची सूचना येऊन बसली आणि मागचे काही उघडेना. शाळेची माहिती त्या दिवशी भरावयाची होती. मुख्याध्यापकांपुढे मी तो फोन हातात धरून उभा राहिलो, आणि काय झाले ते सांगण्याची लाज वाटली म्हणून बिघडला आहे असे खोटे बोललो. सिंगर कंपनीचा माणूस हप्ता चुकल्यावर यंत्र न्यावयास घरी यावा लागे, त्याला चहा पाजून दोन दिवसांची मुदत मागता येई. असे दुरून कुलूप घालू द्यावे की नाही याचा विचार रिझर्व्ह बँकेत चालल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले आहे.

त्याच दिवशी मला मावसभावाचा शब्द आठवला. लॉक.

उन्हाळ्यात हा सगळा हिशेब मी एका फुलस्केपवर उतरविला आणि मामांकडे गेलो. आता त्यांचे वय पंचाहत्तर. चष्मा लावून त्यांनी कागद हातात घेतला. मी क्लार्कपासून सुरुवात केली, ती त्यांनी ऐकून घेतली नाही. त्यांनी सरळ १९९चा आकडा गाठला, त्याखालचा गुणाकार तोंडाने करून पाहिला, आणि विचारले, "ह्यात कर धरलाय का?" नव्हता धरला. "मग आणिक वर जाईल."

मी म्हणालो, "मामा, तुमचा तो पाचशे एकचा फोन आठवतो? पावत्या ठेवल्या होत्या तो?"

ते थोडा वेळ कागदाकडे पाहात राहिले.

"म्हंजी हे आपलं पाचशे एकचंच व्हय!" ते म्हणाले. "मग तसं सांगायचं की त्यानं. कंत्राट कंत्राट काय करत बसला?"

मी काही बोललो नाही. पाचशे एक त्या दिवशी मलाही ठाऊक होते.

मामांनी कागदाची चार पदरी घडी केली आणि ती खिशात ठेवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दुपारचा एक वाजला होता.

"तिकडं किती वाजलं असत्याल?"

"पहाटेचे साडेतीन."

"मग आत्ता नको," मामा म्हणाले. "संध्याकाळी लावून दे."